चातुर्मासात बसेल अशी अंतराळ मालिका: नेक्स्ट जनरेशन, डीप स्पेस नाइन, बॅबिलॉन ५ की बॅटलस्टार गॅलॅक्टिका?

जुन्या अंतराळ मालिका बघायला घेणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडते. सगळ्यात नावाजलेली मालिका उघडायची, पहिल्या सीझनचा पहिला भाग लावायचा, आणि चौथ्या-पाचव्या भागाला ‘लोकांना यात काय दिसलं?’ म्हणून बंद करायची. यात अर्धा दोष मालिकेचा असतो. उरलेला अर्धा कुठून शिरायचं हे कुणी सांगितलेलं नसतं म्हणून.

१९६६ ते १९६९ मधली मूळ ‘स्टार ट्रेक’ इथे तुलनेत घेतलेली नाही. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर स्पॉकचे टोकदार कान पाहिलेल्यांना तिची शिफारस करायची गरज नाही, आणि ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांनी तिच्यापासून सुरुवात करू नये. प्रश्न तिच्या नंतरच्या चार मोठ्या मालिकांचा आहे; त्यातल्या नेक्स्ट जनरेशन आणि डीप स्पेस नाइन या दोन स्टार ट्रेकच्याच. चारही आवडत्या, चारही लांब, आणि संध्याकाळ मात्र एकच.

आधी हिशेब

‘द नेक्स्ट जनरेशन’ (१९८७–९४) सात सीझन, १७८ भाग. भाग साधारण ४५ मिनिटांचा, म्हणजे १३० तासांच्या वर. ‘डीप स्पेस नाइन’ (१९९३–९९) सात सीझन, १७६ भाग, वेळ जवळपास तितकाच. ‘बॅबिलॉन ५’ (१९९४–९८) पाच सीझन, ११० भाग, सुमारे ८० तास. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ (डिसेंबर २००३ ची लघुमालिका, मग २००४–०९) चार सीझन, पंच्याहत्तरच्या आसपास भाग, लघुमालिका धरून साठ तासांच्या आत.

रोज एक भाग धरला तर ‘बॅबिलॉन ५’ आषाढी एकादशीला सुरू करून कार्तिकीच्या आत संपते, वर सात-आठ दिवस गणपतीतल्या पाहुण्यांसाठी उरतात. नेक्स्ट जनरेशन आणि डीप स्पेस नाइन मात्र याच गतीने अर्ध्या वर्षाच्या आसपास जातात. त्यामुळे खरा प्रश्न असा पडतो की कोणत्या मालिकेतलं किती गाळता येतं.

नेक्स्ट जनरेशन हा दिवाळी अंक आहे. कुठलंही पान उघडा, आवडलं नाही तर उलटा. डीप स्पेस नाइनमध्ये अर्धे भाग सुटे, अर्धे ‘क्रमशः’. बॅबिलॉन ५ ही पोथी, मधला अध्याय गाळला की पुढचा कळत नाही. बॅटलस्टारमध्ये गाळायची सोयच नाही, पण ती स्वतःच इतकी धावते की तशी इच्छाही फारशी होत नाही.

पूर्ण वेळ देणार असाल तर आमचं मत बॅबिलॉन ५ च्या बाजूने आहे, तिच्या सगळ्या दोषांसकट. आठवड्यातून दोन-तीनच संध्याकाळी मोकळ्या असतील तर नेक्स्ट जनरेशन. बाकी दोघींचे अधिकारी वेगळे.

नेक्स्ट जनरेशन: तिसऱ्या सीझनपासून शिरा

पहिला सीझन कच्चा आहे, आणि हे तिचे चाहतेच आधी सांगतात. ‘कोड ऑफ ऑनर’ नावाचा चौथा भाग तर वगळाच. कृष्णवर्णीय पात्रांचं त्यातलं चित्रण तेव्हाही खटकलं होतं. दुसऱ्या सीझनला १९८८ च्या लेखकांच्या संपाचा फटका बसला. २२ च भाग झाले आणि त्यातला शेवटचा, ‘शेड्स ऑफ ग्रे’, जुन्या तुकड्यांची गोधडी आहे. जहाजाचा उपकप्तान रायकर याला दाढी येते तीही दुसऱ्या सीझनात. मालिका सुधारल्याची खूण म्हणून चाहते ती दाढीच दाखवतात. खरा बदल तिसऱ्या सीझनात झाला, मायकल पिलर यांनी लेखनाची सूत्रं हातात घेतल्यावर.

म्हणून क्रम असा ठेवा. दुसऱ्या सीझनातले ‘द मेझर ऑफ अ मॅन’ आणि ‘क्यू हू’ हे दोन भाग, मग थेट तिसरा सीझन. ‘यस्टरडेज एंटरप्राइज’पर्यंत पोचूनही मन लागलं नाही, तर ही मालिका तुमची नाही असं समजून पुढे जा. पहिला भाग ‘एन्काउंटर ॲट फारपॉइंट’ अगदी शेवटी, समारोपाच्या ‘ऑल गुड थिंग्ज’च्या आदल्या संध्याकाळी बघा. समारोप त्याच भागाकडे परत जातो. सात सीझनपूर्वी पाहिलेला तो भाग तोवर विसरलेला असतो, आदल्या दिवशी पाहिला की सगळे सांधे जुळतात.

मराठी माणसाने चुकवू नये असा भाग म्हणजे पाचव्या सीझनातला ‘डार्मोक’. कॅप्टन पिकार्डची गाठ अशा लोकांशी पडते ज्यांचे शब्द कळतात पण बोलणं कळत नाही. कारण ते फक्त आपल्या पुराणकथांतल्या नावांनी बोलतात. हरल्याची गोष्ट सांगायची असेल तर ‘शाका, भिंती कोसळल्या तेव्हा’. देण्याची असेल तर ‘टेम्बा, हात पसरलेले’. भाषांतरयंत्र प्रत्येक शब्द बरोबर सांगतं आणि जहाजावरचे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहतात. अमेरिकन समीक्षकांना ही भाषा अशक्य वाटत आली आहे: अशा बोलीत यंत्राचा स्क्रू कसा मागायचा, असा त्यांचा सवाल. आपल्याला ती तेवढी अशक्य वाटत नाही. ‘पानिपत झालं’, ‘ध चा मा केला’, ‘सूर्याजी पिसाळ निघाला’ ही वाक्यं इतिहास न शिकलेल्या परक्याला शब्दकोशातून कळणार नाहीत, आणि इथे चहाच्या टपरीवर कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. ‘शाका, भिंती कोसळल्या तेव्हा’ हे त्यांचं ‘पानिपत झालं’ आहे, एवढं धरून बसलात तर पिकार्डच्या आधी तुम्हाला कथा उमगते.

उणीव कोणती? स्टार ट्रेकचे जनक जीन रॉडनबेरी यांचा आग्रह होता की चोविसाव्या शतकातली माणसं आपसांत भांडणार नाहीत. लेखक यावर वैतागले होते आणि ते दिसतं. संकट कायम बाहेरून येतं आणि पंचेचाळीस मिनिटांत जातं. पुढच्या आठवड्यात जहाज नव्या ग्रहापाशी, कपडे इस्त्रीचे.

डीप स्पेस नाइन: स्टेशन पळून जात नाही

इथे जहाजाऐवजी अंतराळ स्थानक आहे, आणि तेही नुकत्याच संपलेल्या लष्करी ताब्यातून सुटलेल्या बजोर ग्रहाशेजारी. स्थानक जागचं हलत नाही, म्हणून आज घेतलेल्या निर्णयाचा परिणाम पुढच्या आठवड्यात दारात उभा राहतो. या एका गोष्टीने सगळं बदललं.

सहाव्या सीझनातला ‘इन द पेल मूनलाइट’ घ्या. स्थानकाचा प्रमुख कॅप्टन सिस्को खोलीत एकटा, गणवेशाची कॉलर सैल, हातात पेला, आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघून आपली रोजनिशी सांगतोय. युद्ध हरत चाललंय, ते जिंकण्यासाठी त्याने काय काय केलं ते पायरी-पायरीने येतं. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा थोडीच वाईट. शेवटी तो संगणकाला ती सगळी नोंद पुसायला सांगतो. नेक्स्ट जनरेशनमध्ये हा भाग लिहिलाच गेला नसता.

शिरताना मात्र नेक्स्ट जनरेशनमधले थोडे भाग हाताशी हवेत. ‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’चे दोन (डीप स्पेस नाइनचं पहिलंच दृश्य त्या लढाईतलं आहे), बजोरवर ताबा ठेवलेल्या कार्डॅशियन लोकांसाठी ‘द वूंडेड’, बजोरसाठी ‘एन्साइन रो’, आणि नेक्स्ट जनरेशनमधला वॉर्फ इथे चौथ्या सीझनात येतो म्हणून ‘सिन्स ऑफ द फादर’ व ‘रिडेम्प्शन’चे दोन. पाच-सव्वापाच तासांचा गृहपाठ. न केल्यास मालिका कळते, पण कोण कुणावर का डाफरतंय ते कळायला वेळ लागतो.

पहिल्या दोन सीझनांत गाळायला खूप आहे. पहिल्यातले ‘एमिसरी’, ‘ड्युएट’ आणि ‘इन द हँड्स ऑफ द प्रॉफेट्स’ ठेवा. ‘मूव्ह अलाँग होम’ तेवढा नक्की सोडा. दुसऱ्यात सुरुवातीचे सलग तीन भाग, ‘नेसेसरी एव्हिल’, ‘द वायर’, ‘द माकी’चे दोन आणि शेवटचा ‘द जेम’हाडार’. इथून डोमिनियन या शत्रुसत्तेची कथा खऱ्या अर्थाने सुरू होते. सहाव्या सीझनचे पहिले सहा भाग आणि सातव्याचा शेवटचा टप्पा सलग बघायचे, मध्ये आठवड्याची सुट्टी नको. भाग शोधताना क्रमांकावर विसंबू नका, नावाने शोधा. पहिला दीड तासाचा भाग कुणी एक मोजतं, कुणी दोन, आणि पुढचे सगळे आकडे एकाने सरकतात.

बॅबिलॉन ५: एकाच माणसाने लिहिलेली

११० पैकी ९२ भाग जे. मायकल स्ट्राझिन्स्की या एकाच लेखकाचे. तिसरा आणि चौथा सीझन तर संपूर्ण. पाच वर्षांची कथा आधी आखलेली होती. तीही स्थानकाचीच गोष्ट आहे, आणि तिचा प्रस्ताव १९८९ मध्ये पॅरामाउंटपुढे गेलेला होता, म्हणून ‘डीप स्पेस नाइन’ जाहीर झाल्यावर चाहत्यांत जे भांडण लागलं ते अजून मिटलेलं नाही. दोन्ही पाहिल्यावर कळतं की साम्य पहिल्या वर्षापुरतं आहे.

तिची गंमत पेरणीत आहे. पहिल्या सीझनच्या तेराव्या भागात, ‘साइन्स अँड पोर्टेंट्स’मध्ये, मॉर्डन नावाचा एक गुळगुळीत हसणारा माणूस स्थानकावरच्या राजदूतांना एकच प्रश्न विचारत फिरतो: तुम्हाला काय हवंय? जी’कारला सूड हवाय, पण सुडानंतरचं काही त्याला सांगता येत नाही. डिलेन त्याला बघताच बाहेर काढते. लोंडो मोलारी आधी टाळतो, चिडतो, आणि मग भडभडून बोलतो. उतरणीला लागलेल्या साम्राज्याचा जुना दरारा परत हवा म्हणतो. तो तोवर विनोदी पात्र होता, पत्ते आणि दारू यांतला. त्या एका उत्तराची किंमत पुढची चार वर्षं वसूल होत राहते. हा भाग पाहूनही उत्सुकता चाळवली नाही तर बावीसाव्या ‘क्रिसॅलिस’पर्यंत थांबा आणि तिथे निर्णय घ्या. त्याआधी नको.

गाळायचेच असतील तर पहिल्या सीझनातले ‘इन्फेक्शन’, ‘टीकेओ’ आणि ‘ग्रेल’. एकविसावा ‘द क्वालिटी ऑफ मर्सी’ किरकोळ वाटतो म्हणून लोक सोडतात. सोडू नका, त्यातलं यंत्र चौथ्या सीझनात परत येतं आणि आधी पाहिलेलं नसेल तर तो प्रसंग आकाशातून पडल्यासारखा वाटतो. विसावा ‘बॅबिलॉन स्क्वेअर्ड’ लक्ष देऊन बघा, त्याची दुसरी बाजू तिसऱ्या सीझनच्या ‘वॉर विदाउट एंड’मध्ये आहे.

अडखळायच्या तीन जागा आहेत. पहिली, नायक बदलतो. पहिल्या वर्षी सिंक्लेअर (मायकल ओ’हेअर), दुसऱ्यापासून शेरिडन (ब्रूस बॉक्सलाइटनर). ओ’हेअर यांना गंभीर मानसिक आजार होता, हे स्ट्राझिन्स्की यांनी त्यांच्या निधनानंतर, २०१३ मध्ये सांगितलं. लेखकाने प्रत्येक पात्रासाठी बाहेर पडायची वाट राखलेली होती, म्हणून कथा मोडली नाही, उलट पुढे तो बदलच तिचा भाग झाला. दुसरी, चौथा सीझन धापा टाकत पळतो. वाहिनी बंद पडायच्या बेतात होती, म्हणून पाचव्या वर्षाचा बराच ऐवज चौथ्यात कोंबला. मग दुसऱ्या वाहिनीने पाचवं वर्ष दिलं आणि त्याच्या पहिल्या अर्ध्यात सांगायला पुरेसं उरलं नव्हतं. टेलिपाथांच्या, म्हणजे मन वाचणाऱ्यांच्या, त्या भागांत दम निघतो. पुढे लोंडोच्या कथेसाठी टिकून राहा, ‘द फॉल ऑफ सेंटॉरी प्राइम’साठी तर नक्की. तिसरी, ‘इन द बिगिनिंग’ हा टीव्ही चित्रपट. कथा आधीच्या काळातली आहे म्हणून काहीजण तो आधी लावतात आणि तीन सीझनांची रहस्यं दोन तासांत फोडून घेतात. तो चौथ्या सीझननंतरच.

विज्ञानाच्या बाजूने चौघींत हीच सरस. स्थानक आठ किलोमीटर लांब आहे आणि स्वतःभोवती फिरतं, त्यातून आतल्या माणसांना वजन मिळतं. स्टारफ्युरी ही लढाऊ विमानं सुटतात तीही याच फिरण्याचा फायदा घेऊन: पकड सुटली की फिरतं स्थानकच त्यांना बाहेर भिरकावतं, गोफणीतून दगड सुटावा तसं. चार कोपऱ्यांवर इंजिनं असल्याने विमान पुढे जात असतानाच वळून मागे गोळीबार करू शकतं, कारण अंतराळात वळायला हवा लागत नाही. पुढे बॅटलस्टारनेही हे तंत्र वापरलं. दोन्ही स्टार ट्रेक मात्र जहाजं पाण्यातल्या बोटींसारखी चालवतात.

बॅटलस्टार गॅलॅक्टिका: सगळ्यात जलद, सगळ्यात जड

नेक्स्ट जनरेशन आणि डीप स्पेस नाइनमध्ये लेखक असलेल्या रोनाल्ड डी. मूर यांनी १९७८ च्या मालिकेवरून ही नवी रचली. हिची पकड पहिल्या तासातच बसते. ‘३३’ या भागात, यंत्रमानवांच्या हल्ल्यातून वाचलेल्या माणसांच्या ताफ्यामागे शत्रू दर ३३ मिनिटांनी हजर होतो. ताफ्याने उडी मारायची, घड्याळ लावायचं, पुन्हा उडी. पाच दिवस कुणी झोपलेलं नाही. कॅमेरा हातात धरलेला, वाक्यं अर्धवट, आणि राष्ट्राध्यक्षांच्या मागे फळ्यावर उरलेल्या माणसांचा आकडा: पन्नास हजारांच्या आसपास, मार्करने लिहून पुसत राहिलेला.

पण ‘३३’पासून सुरू करू नका. त्याआधी तीन तासांची लघुमालिका आहे आणि ती यादीत अनेकदा वेगळ्या नावाखाली, सिनेमासारखी दडलेली असते. ‘रेझर’ आणि ‘द प्लॅन’ हे दोन टीव्ही चित्रपट: पहिला तिसऱ्या सीझननंतर, दुसरा सगळं संपल्यावर.

शीर्षकसंगीतात गायत्री मंत्र आहे. घरातले ज्येष्ठ तो ऐकून शेजारी येऊन बसतील आणि पुढच्या पाच मिनिटांत उठून जातील. छळ, आत्महत्या, ओलीस, आत्मघाती स्फोट हे सगळं इथे आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांसोबत बघायची ही मालिका नाही. तिथे नेक्स्ट जनरेशनच बरी. शत्रूची काही योजना आहे असं सुरुवातीला बजावून सांगितलं जातं, पण तिसऱ्या सीझनच्या उत्तरार्धापासून रस्ता चालता चालता शोधला जातोय हे लपत नाही. शेवटावर चाहत्यांत फूट आहे. पहिले दोन सीझन मात्र वादातीत.

कोणती प्रत, कोणता टीव्ही

नेक्स्ट जनरेशन ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली पण संकलन व्हिडिओटेपवर झालं. २०१२ ते २०१४ दरम्यान मूळ निगेटिव्ह शोधून, भाग पुन्हा जोडून, जहाजांची दृश्यंही मूळ फिल्मच्या तुकड्यांतून पुन्हा बसवून ब्ल्यू-रे काढल्या. परिणाम लखलखीत आहे. डीप स्पेस नाइनला हे भाग्य लाभलं नाही. संपूर्ण मालिकेची हाय डेफिनिशन प्रत नाही; पुढच्या सीझनांतल्या संगणकी लढाया तर जुन्या टीव्हीच्या मापातच बनलेल्या, फिल्म पुन्हा स्कॅन करून त्या सुटत नाहीत. ५५ इंची पडद्यावर ती पुसट दिसणारच. टीव्हीचा ‘शार्पनेस’ खाली आणा (वाढवलात तर चेहऱ्यांभोवती पांढरी कड येते), दोन हात मागे बसा, किंवा सरळ लॅपटॉपवर बघा. लहान पडद्यावर ती सुखाने दिसते.

बॅबिलॉन ५ मध्ये फसगत जास्त. कलाकारांचं चित्रण रुंद पडदा डोळ्यांपुढे ठेवून फिल्मवर झालं, पण सुरुवातीला अमिगा संगणकांवर व्हिडिओ टोस्टर आणि लाइटवेव्ह ही साधनं घेऊन बनवलेली अंतराळ दृश्यं जुन्या टीव्हीच्या ४:३ चौकटीतली. जुन्या डीव्हीडीत सगळं रुंद करताना ही दृश्यं वर-खाली कापून ताणली. म्हणून बोलत्या माणसांचं चित्र स्वच्छ, आणि खिडकीबाहेर जहाज आलं की एकदम धुरकट. २०२१ मध्ये आलेली आणि २०२३ अखेरीस ब्ल्यू-रेवर निघालेली प्रत पुन्हा ४:३ आहे. ओळख सोपी: दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या तर योग्य प्रत, पडदा भरून दिसली तर जुनी. पट्ट्या खटकतात म्हणून रिमोटवरून ‘झूम’ दाबू नका, डोकी कापली जातात.

बॅटलस्टारमधला खरखरीतपणा मुद्दाम ठेवलेला आहे. टीव्हीची ‘नॉइज रिडक्शन’ आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय, दोन्ही बंद करा. नाहीतर युद्धनौका दुपारच्या सासू-सुनांच्या मालिकेसारखी दिसते.

डिस्क परदेशातून मागवणार असाल तर ब्ल्यू-रेसाठी भारत ‘सी’ विभागात आहे, अमेरिका ‘ए’त, युरोप ‘बी’त. डीव्हीडीचे विभाग वेगळे: आपला ५, अमेरिकेचा १. पाकिटाच्या मागची खूण आणि तुमचा प्लेअर, दोन्ही आधी तपासा. भारतात येणाऱ्या नातलगाच्या बॅगेतून आलेला बॉक्ससेट परत पाठवता येत नाही.

आणि चातुर्मास नाही, फक्त जोडून आलेली सुट्टी आहे? मग ‘फायरफ्लाय’ (२००२). चौदा भाग, दहा तास. वाहिनीने ते उलटसुलट क्रमाने दाखवले, अकराच दाखवले, आणि दोन भागांइतका लांब पहिला भाग ‘सेरेनिटी’ सगळ्यात शेवटी. तुम्ही तो पहिला लावा, मग ‘द ट्रेन जॉब’. ‘सेरेनिटी’ याच नावाचा २००५ चा सिनेमा वेगळा आहे, तो चौदा भाग संपल्यावर.